खोर फक्कानचे लाटसाहेब

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे मी जिथे जिथे गप्प उभा राहिलो, तिथे वाचणाऱ्याला आश्चर्य वाटणार नाही. गल्फमध्ये आलं की माणूस थोडाफार भित्रा होतोच, असं माझी बायको म्हणते. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, व्हिसा मालकाच्या मर्जीवर आणि मुलीची शाळा त्या व्हिसावर. पण तिचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही. माझी भीती मी मुंबईहून सोबतच आणली होती. ज्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे ते कर्नल ब्लेकवे माझ्याहूनही घाबरायचे. हे मात्र मला बऱ्याच उशिरा कळलं, कारण त्यांची उंची सहा फुटांच्या वर होती आणि ते गोरे होते.

नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. आमची कंपनी शारजात, बांधकामाचे ठेके घेणारी. मालक रत्नागिरीकडचे दळवी. मी ॲडमिनला होतो. म्हणजे व्हिसा, तिकिटं, कामगारांचे कॅम्प आणि उरलेलं दळवी सांगतील ते. एका सकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"रेगे, एक गोरा ठेवलाय आपण. ॲडव्हायझर."

"कसला ॲडव्हायझर?"

"गोरा आहे, अजून काय पाहिजे? मी कन्सल्टंटच्या मीटिंगला गेलो की ते लोक घड्याळ बघतात. हा बाजूला बसला की चहा मागवतात. सहाशे दिरहॅमचा सूट शिवलाय त्याला, म्हणजे झाले की सहा हजार रुपये! आणि हा असातसा नाही हां. ब्रिटिशांच्या टायमाला गव्हर्नर होता. खराखुरा लाटसाहेब!"

त्यात नवल काही नव्हतं. त्या काळी आमच्यासारख्या पुष्कळ कंपन्यांत एक गोरा असायचा. त्याने बोलायचं नसे, बसायचं असे. बिलं पटापट पास व्हायची.

मी त्यांना आणायला शारजातल्या रोला भागात त्यांच्या फ्लॅटवर गेलो. दार उघडलं ते एका वाकलेल्या, सडपातळ म्हाताऱ्याने. शर्टाच्या बाह्यांना अशी इस्त्री की कडेने बोट कापावं. मी "गुड मॉर्निंग, सर" म्हणून माझं कार्ड पुढे केलं. ते त्यांनी लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "रेगे म्हंजी कोकणातलं का गोव्याकडचं?"

माझं तोंड उघडं राहिलं असणार, कारण ते हसले. "बेळगावच्या छावणीत जल्मलो. पुढं मराठा पलटणीत आफिसर. माझी पोरं समदी सातारा-कोल्लापूरची. म्या त्यान्ला ड्रिल शिकिवलं, त्यांनी मला शिव्या शिकिवल्या. चल, उशीर हुतोय."

त्यांचं मराठी त्या पलटणीतच थांबलं होतं. ऑफिसात आम्ही निम्मं इंग्रजी आणि निम्मं हिंदी मिसळून बोलायचो, आणि हा इंग्रज साताऱ्याच्या एखाद्या जुन्या हवालदारासारखा बोलायचा. माझी मुलगी त्यांना पहिल्यांदा भेटली तेव्हा त्यांनी विचारलं, "काय गं, जेवलीस का?" ती म्हणाली, "डॅडी, व्हाय इज ही टॉकिंग लाइक आजोबाज वॉचमन?" मी खजील झालो. त्यांना मात्र ते फार आवडलं. त्यानंतर कोणी ओळख विचारली की सांगायचे, "म्या रेग्यांच्या आजाचा वॉचमन."

आपल्याला कशासाठी ठेवलं आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एका मीटिंगहून परतताना मी अवघडून म्हणालो, "साहेब, तुम्हाला कंटाळा येत असेल."

"लग्नातला घोडा कंटाळत न्हाई," ते म्हणाले. "त्यानं नटायचं आन् चालायचं. नवरदेव दुसराच हाय, हे त्येला ठावं असतं."

त्यांचं पूर्वायुष्य मला तुकड्यातुकड्यांनीच कळलं. पलटण, ब्रह्मदेशातली लढाई, मग सैन्य सोडून वसाहतींच्या कारभारात नोकरी, आणि शेवटी पूर्वेकडच्या समुद्रातल्या एका लहानशा राज्याचे गव्हर्नर. रबराचे मळे, एक बंदर, टेकडीवर गव्हर्नरचा बंगला. ते राज्य आता नकाशावर वेगळं दिसत नाही, शेजारच्या देशात मिसळून गेलं. पत्नी तिथेच तापाने गेली. झेंडा उतरल्यावर ते तेलाच्या सर्वेक्षणवाल्यांबरोबर आखातात आले आणि इथेच राहून गेले. इंग्लंडात त्यांचं आयुष्य किती, तर शाळेपुरतं.

आणि तीच त्यांची भीती होती. इंग्लंड.

दर वर्षी व्हिसा रिन्यू करायची वेळ जवळ आली की ते माझ्या टेबलापाशी घोटाळू लागत. स्टेपलर मागत, कॅलेंडरकडे बघत. मग हळूच, "त्यो कागद कुठवर आला?"

"साहेब, अजून पुष्कळ वेळ आहे."

"व्हय, व्हय. सहज इचारलं."

एकदा त्यांनी कारण सांगितलं. इंग्लंडात त्यांचा एक भाचा होता. त्याने मामासाठी एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता आणि तिथलं रंगीत माहितीपत्रक पाठवलं होतं. हिरवळ, मोठी खिडकी, आणि खिडकीशी ओळीने बसवलेली, मांडीवर शाली घेतलेली म्हातारी माणसं. "ती बघ," ते म्हणाले, "समदी एकाच बाजूला बघत्यात. तिकडं मला कुणी वळखत न्हाई, रेगे. हितं निदान बकालावाला रामराम करतो." बकाला म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान, ते चालवणारा मलबारी त्यांना खरोखरच "रामराम कर्नल" म्हणायचा, त्यांनीच शिकवलेलं.

ज्याच्या सहीने एक राज्य चालत होतं तो माणूस एका शिक्क्यासाठी माझ्यासारख्याच्या टेबलाशी उभा राहतो, याचं मला वाईट वाटायचं. थोडं बरंही वाटायचं, हे लपवत नाही.

डोंगरापलीकडच्या पूर्व किनाऱ्यावर, खोर फक्कानला बंदराजवळ आमचं गोदामांचं काम सुरू झालं तेव्हा कॅम्पही तिथेच पडला, डोंगराच्या पायथ्याशी. कर्नलनी दळवींना सांगितलं की आपण दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तिथे जाणार. दळवींना त्यात तोटा दिसला नाही. मी गाडी चालवायचो. तिथे गेल्यावर ते आधी स्वयंपाकघरात शिरत, डाळीच्या पातेल्यातून चमचाभर घेऊन चाखत आणि "मीठ कमी" किंवा "झकास" एवढंच बोलत. मग बाहेर एक स्टूल मांडून बसत आणि म्हणत, "बुटं काढा."

पायांची तपासणी! पलटणीत लांब मजल मारून आल्यावर अधिकाऱ्याने प्रत्येक शिपायाचे पाय बघायचे, ही त्यांची जुनी शिस्त. भेगा, फोड, बोटांमधली बुरशी. पहिल्या शुक्रवारी एकही कामगार पुढे येईना. म्हाताऱ्या माणसाने, त्यातून साहेबाने, आपल्या पायांशी वाकायचं म्हणजे पाप. शेवटी यशवंत मांडवकर नावाचा एक परांची बांधणारा पुढे झाला. संगमेश्वरकडचा, काळासावळा, तोंडाने फटकळ.

"बघा साहेब. पण नमस्कार नको हां, मी आशीर्वाद देत नाय."

सगळे हसले. कर्नल सर्वांत मोठ्याने हसले आणि त्याच्या टाचेच्या भेगेत बोट घालून म्हणाले, "हितं म्हस बसंल." तेव्हापासून दर शुक्रवारी रांग लागायची. येताना ते बकालातून मलमाच्या डब्या घेऊन यायचे.

अशाच एका शुक्रवारी परत येताना आम्ही मसाफीच्या बाजारात टरबूज घ्यायला थांबलो होतो. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर. कर्नल गाडीतच बसून राहिले होते. मी टरबूज मागे ठेवून आत बसलो तेव्हा ते इंग्रजीत बोलू लागले. इंग्रजी ते क्वचितच बोलायचे.

त्यांच्या राज्यात बंदरावर एक हमाल बुडून मेला होता. हिंदुस्थानातून गेलेल्या मजुरांचा मुलगा, तिथेच जन्मलेला. बाकीचे हमाल काम सोडून टेकडीवर आले आणि बंगल्यासमोर बसले. घोषणा नाही, दगड नाही. नुसते बसून राहिले. "लढाईत मी इतका घाबरलो नव्हतो," ते म्हणाले. "ओरडणाऱ्या माणसाला काय हवं ते कळतं." त्यांनी अधिकाऱ्यांना पुढाऱ्यांची नावं विचारली. नावं मिळाली. त्यांनी हद्दपारीच्या हुकमावर सही केली आणि ती माणसं मद्रासच्या बोटीवर चढवली. "त्यांना त्यांच्या देशात पाठवलं, असं मी वरती कळवलं. त्यातल्या बहुतेकांनी तो देश कधी पाहिलेला नव्हता."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी गाडी सुरू केली.

त्यानंतरच्या जुलैत खोर फक्कानच्या गोदामावर पत्रे बसवायचं काम चाललं होतं. दुपारच्या उन्हात पत्र्यावर सुभाष नावाचा एक तरुण कामगार बसल्या जागी कलंडला. मांडवकरने त्याला खांद्यावर टाकून परांचीवरून खाली आणला, तोंडावर पाणी मारलं, पण त्याच्यात जीव उरला नव्हता. प्रेत हॉस्पिटलच्या शवागारात गेलं आणि तिथेच राहिलं. घरी पाठवायचं तर मालकाने कागदांवर सह्या करायच्या, स्थानिक भागीदाराची सही घ्यायची. दळवी आज-उद्या करत राहिले. कन्सल्टंट लोक पाहणीला येणार होते, त्याआधी त्यांना चौकशी नको होती. ते वाईट माणूस नव्हते. गणपतीत अख्ख्या शारजाला मोदक खायला घालायचे. पण लायसन गेलं तर काय, ही त्यांची भीती, आणि तिच्यापुढे त्यांना दुसरं काही दिसत नसे.

एका सकाळी कॅम्पमधून फोन आला: कोणीही बसमध्ये चढायला तयार नाही. सुभाष घरी जाईपर्यंत हत्याराला हात लावणार नाही, म्हणतात.

ज्याने तिथे कधी काम केलेलं नाही, त्याला या वाक्याची भीती समजणार नाही. तिथे काम बंद म्हणजे संप, आणि संप म्हणजे थेट विमान. मी कर्नलना घेऊन निघालो.

कॅम्पच्या फाटकाशी दळवी गाडीत बसून होते. एसी चालू असूनही घामाने भिजलेले. काच खाली करून म्हणाले, "अरबाब शारजातून निघालेत." अरबाब म्हणजे आमचे स्थानिक भागीदार, त्यांच्या नावावर कंपनीचं लायसन होतं. "सोबत कोणीतरी सरकारी माणूस आहे. ते यायच्या आत मला नावं पाहिजेत. दोन-तीन बस. उद्याच्या फ्लाइटने खलास. कर्नल, तुम्ही गव्हर्नर होतात, तुम्हाला हे जमतं. आणि तुमचं रिन्यूअल माझ्या टेबलावरच आहे. संध्याकाळी जाऊन सही करतो, प्रॉमिस."

मग माझ्याकडे वळले. "यांना नाही जमलं तर तू सांगशील, रेगे. तुला सगळे माहीत आहेत."

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही.

आत गेलो. कामगार बसच्या सावलीत जमिनीवर बसले होते. कोणी विडी ओढत नव्हतं, कोणी कुजबुजत नव्हतं. फक्त पाण्याच्या टाकीचा नळ गळत होता. कर्नलनी माझं कोपर धरलं.

"आसंच," ते म्हणाले. "आसंच बसले हुते."

मला वाटलं ते मागे फिरतील. पण ते पुढे चालत गेले, माझ्या आधाराने, आणि मांडवकरसमोर उभे राहिले.

"काय पायजे?"

"काय नाय साहेब. सुभाषला घरी पाठवा. त्याची आई दारात बसून हाय. तो गेला की आमी बसमध्ये."

"येवढंच?"

"एवढंच."

"ह्ये कुणी ठरिवलं?"

मांडवकर गळणाऱ्या नळाकडे बघू लागला. कोणीच बोललं नाही. पण सगळ्यांच्या माना त्याच्याकडे न वळण्यासाठी इतक्या ताठ झाल्या होत्या की आंधळ्यालाही कळलं असतं. त्याला दोन मुली होत्या आणि गावी घराचा पाया नुकताच भरून झाला होता. हे मला माहीत होतं, कारण त्याची रजा मीच मंजूर करून आणली होती. मनातल्या मनात मी त्याचं नाव उच्चारून बघत होतो. कसं सांगायचं, कोणत्या सुरात सांगायचं.

तेवढ्यात फाटकातून गाडी आली. अरबाब उतरले. वयस्कर, हळू चालणारे, हातात माळ. त्यांच्यासोबत पांढऱ्या कंदुऱ्यातला, म्हणजे पायघोळ अरबी झग्यातला एक तरुण होता. तो कोण हे कोणी सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. मागून दळवी धावत आले.

अरबाबांनी इंग्रजीत विचारलं, "यांना कोणी बसवलं?"

दळवींनी कर्नलकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

कर्नलनी माझं कोपर सोडलं. "मी," ते म्हणाले. "सल्लागार म्हणून त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, सोबती शवागारात पडला असताना कोणी कामावर जायचं नाही. तो माझा हुकूम होता."

मांडवकरला तेवढं इंग्रजी कळत होतं. तो ताडकन उठला. "नाय साहेब, ह्ये खोटं—"

"मांडवकर, खाली बस!"

तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. बसच्या पत्र्याला जाऊन आदळला तो. मांडवकर खाली बसला.

अरबाबांनी माळ मुठीत गोळा केली. खोटं त्यांनाही कळलं असावं. मग त्यांनी दळवींना विचारलं, "मुलगा अजून इथेच आहे? माझी सही हवी होती तर मला फोन का केला नाही?" दळवी खिशात रुमाल शोधू लागले. "आज सही घेऊन जा," अरबाब म्हणाले, आणि कर्नलकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही. "कर्नल, तुम्ही माझ्याहून मोठे आहात. पण काम बंद पाडणाऱ्याला इथे राहता येत नाही. आज मी तुम्हाला सोडलं तर उद्या कोणाला काय सांगू?"

"बरोबर आहे," कर्नल म्हणाले. "मीही हेच म्हणालो असतो."

मला सांगायचं आहे ते हे की त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. दुःख नाही, आदर नाही; ते सगळं मागाहून आलं. आधी आला तो मोकळा श्वास. आता मला कोणी काही विचारणार नव्हतं. कर्नलनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि तो श्वास त्यांनी ऐकला असं मला वाटलं.

सुभाषचं प्रेत मुंबईच्या विमानाने गेलं. पुढच्या सकाळी बस भरून गेल्या. दळवी मला केबिनमध्ये बसवून म्हणत राहिले, "गोऱ्याला कोण हात लावेल असं वाटलं होतं रे मला! चार दिवस ओरडतील आणि सोडून देतील, असं वाटलं." मलाही तसंच वाटलं होतं. गोरा रंग म्हणजे छत्री, त्यावर ऊन पडत नाही, अशी आमची सगळ्यांची पक्की समजूत होती. त्या समजुतीवर तर आम्ही त्यांना पगार देत होतो. कर्नलना मात्र तसं वाटलं नव्हतं. हद्दपारीचा हुकूम कसा चालतो, हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं.

त्यांचा पासपोर्ट तिजोरीतून मीच काढला. व्हिसा रद्द करण्याचे कागदही मीच केले. शुक्रवारी मांडवकर खोर फक्कानहून टॅक्सीत दाटीवाटीने बसून रोल्यात आला आणि कर्नलच्या दाराबाहेर चपला काढून उभा राहिला. आत यायला तयार होईना.

"साहेब, मी अरबाबाकडं जातो. खरं काय ते सांगतो."

"आन् मग? म्या परत राहीन? आता दोघं जातील, येड्या." मग जरा थांबून, "टाचंला मलम लावतोस का?"

मांडवकर जिन्यातच रडायला लागला. कर्नलनी दार लावून घेतलं. दारामागे ते किती वेळ उभे होते, हे मी आत बसून पाहिलं. हात भिंतीला टेकवलेला होता.

विमानतळावर मीच सोडायला गेलो. ऑगस्टमधला उकाडा, आणि त्यांनी अंगात जाड लोकरीचा कोट घातलेला. बॅगेत मावत नव्हता म्हणाले. गाडीत मी विचारलं, "साहेब, खोटं का बोललात?"

"तिकडं म्या नावं मागितली, तवा खोलीत माझे समदे आफिसर हुते. म्या वाट बघत हुतो. कुणीतरी खोटं बोलावं, म्हनावं की साहेब, पुढारी कुणी न्हाई. म्या ऐकलं असतं. खरंच ऐकलं असतं." त्यांनी कोटाचं बटण लावलं, काढलं. "कुणी बोललं न्हाई."

"भीती वाटते का तिकडे जायची?"

"लई."

आत जायच्या दाराशी त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडला. पुढच्या काचेपलीकडे रजेवर घरी निघालेल्या कामगारांची रांग होती, दोरीने बांधलेली खोकी, खांद्यावर घोंगड्या. ते तिच्या शेवटी जाऊन उभे राहिले. एका कामगाराने त्यांना खुणेने काहीतरी सांगितलं. ही रांग तुमची नाही असं असेल, किंवा पुढे जा म्हणाला असेल. त्यांनी मान हलवली आणि तिथेच थांबले. रांग हळूहळू सरकली. शिक्का मारणाऱ्याच्या खिडकीपाशी पोचल्यावर त्यांनी मागे वळून काचेबाहेरच्या गर्दीत मला शोधलं. त्यांची नजर माझ्यावरून पुढे गेली, परत आली.

मी हात वर करायला घेतला. तो खांद्यापर्यंत गेला असेल. मग मला आठवलं की हा देशातून काढलेला माणूस आहे, आणि मी आजूबाजूला पाहिलं, कोणी बघत तर नाही ना.

पुन्हा समोर पाहिलं तेव्हा खिडकीशी दुसराच कोणीतरी उभा होता.